कॅन्सर परत का येतो? – पाचवीच्या वर्गातला एक प्रश्न



आजचा लेख एखाद्या पाठावर नाही. वर्गात मी जे अर्धवट शिकवलं, त्यावर आहे.

मागच्या वर्षी तंबाखूमुक्त शाळेचा कार्यक्रम झाला. शपथ झाली, फलकलेखन झालं, फोटो काढून झाले (फोटो पाठवल्याशिवाय उपक्रम पूर्ण होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!). मग वर्गात येऊन मी मुलांना कॅन्सर म्हणजे काय ते सांगितलं. माझी ठरलेली वाक्यं आहेत. शरीर पेशींचं बनलेलं असतं. काही पेशी ऐकेनाशा होतात, भराभर वाढतात, त्यांची गाठ होते. डॉक्टर गाठ काढतात, औषध देतात, त्या पेशी मरतात. फळ्यावर लाल खडूनं गाठ रंगवली आणि डस्टरनं पुसून टाकली. मुलं खूश.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, माझ्या आईची गाठ काढली. औषध पण सगळं झालं. मग परत कसा आला?"

मी म्हणाले, "काही वेळा येतो बाळा." ती खाली बसेना. म्हणाली, "आजी म्हणते, आईनं पथ्य पाळलं नाही. आणि काका म्हणतात, सुई टोचली म्हणून पसरला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या डस्टरनंच आजीची बाजू घेतली होती. औषधानं पेशी मरतात, माणूस बरा होतो, एवढंच सांगितलं, तर जो बरा झाला नाही त्याचं काहीतरी चुकलं असणार, असं मूल स्वतःच गणित सोडवतं. आपण गणिताची एक पायरी गाळलेली असते.

फाईलवरचा 'पॉझिटिव्ह'

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. (हे सगळं तिला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) मुलं मैदानावर गेल्यावर तिनं पिशवीतून फाईल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे इंग्रजीत पॉझिटिव्ह लिहिलंय. मला तो रोग पण आहे का?"

आमच्या भागात कोविडच्या आधी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा एकच अर्थ होता, एचआयव्ही. ती बाई दोन वर्षं ही फाईल घरच्यांपासून लपवत होती. रोज घ्यायची गोळी पिठाच्या डब्यामागे ठेवून रात्री सगळे झोपल्यावर घ्यायची. गोळी चुकवली नाही तिनं एक दिवस, पण उजेडात घेतली नाही. दवाखान्यात कुणी समजावलं नाही का, असं मी विचारलं. "लई गर्दी असते मॅडम," एवढंच म्हणाली.

फाईलवर लिहिलं होतं 'ईआर पॉझिटिव्ह'. मी बारावी आर्ट्स करून डीएड केलेली बाई. मलाही नीट माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसले आणि पुढचे काही महिने वाचतच राहिले. दोन डॉक्टर ओळखीचे, त्यांना प्रश्न विचारून भंडावलं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं संप्रेरक. ते पेशीत शिरतं आणि या रिसेप्टरला जाऊन बसतं. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवर जाऊन काही जनुकं चालू करते. त्यातली काही पेशीला वाढायला, विभागायला सांगणारी असतात. म्हणजे हा रिसेप्टर हे एक बटण आहे. शास्त्रीय भाषेत जनुक नियामक. स्तनाच्या ज्या कॅन्सरमध्ये हे बटण सापडतं, तो 'ईआर पॉझिटिव्ह'. एचआयव्हीशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट बटण आहे म्हणूनच त्यावर गोळी चालते. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते आणि बटण दाबू देत नाही. ज्या शब्दाला ती दोन वर्षं घाबरत होती, तो खरं तर तिच्या फाईलवरचा जरा बरा शब्द होता.

हे तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "आधी का नाही सांगितलं कुणी."

एकच पुस्तक, वेगवेगळी पानं

आता जी पायरी आपण गाळतो, ती सांगते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिल्याच पाठात जनुकापासून प्रथिन कसं बनतं ते आहे. प्रतिलेखन, भाषांतरण हे शब्द मुलं पाठ करतात. पण कोणतं जनुक कधी चालू व्हायचं आणि कधी बंद राहायचं, हा प्रश्न बहुतेक वर्गांत मागेच राहतो. कॅन्सर समजायचा तर खरी गंमत तिथेच आहे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही).

माणसात प्रथिनांची कृती सांगणारी साधारण २० हजार जनुकं आहेत. डोळ्याच्या पेशीत आणि टाचेच्या पेशीत संच तोच. म्हणजे सगळ्या पेशींना सारखंच पाठ्यपुस्तक मिळालंय, पण प्रत्येकीनं वेगळी पानं उघडलीत. कुठलं पान उघडायचं हे सांगणारे ते नियामक. माणसात डीएनएवर बसून हे काम करणारी सुमारे १६०० प्रथिनं आहेत. शिवाय मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू आहेत. ते उघडलेल्या पानावरचा मजकूर पुढे जाऊ देत नाहीत. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या एका कृमीत हे दाखवलं आणि २०२४ चं नोबेल त्यांना मिळालं. मधली तीस वर्षं बघा. आपल्याकडे मूल तीन महिन्यांत वाचायला लागलं नाही तर अहवाल मागतात.

आता पसरण्याकडे येऊ. बहुतेक कॅन्सरमध्ये पेशंट पहिल्या गाठीनं दगावत नाही, ती दुसरीकडे गेल्यामुळे दगावतो. पण पेशीला दुसरीकडे जाणं सोपं नसतं. त्वचेच्या, स्तनाच्या, आतड्याच्या अस्तराच्या पेशी शेजारणीला घट्ट चिकटून असतात. ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन हा त्यांच्यातला डिंक. डिंक सुटल्याशिवाय हलता येत नाही. मग पेशी चालायला कुठे शिकते?

हे वाचताना मी थांबले होते. ती नवीन काही शिकत नाही. तिला ते येतच असतं.

आईच्या पोटात आपण काही आठवड्यांचे असतो, तेव्हा आपल्या पेशींना चालावंच लागतं. पाठीच्या कण्याजवळ तयार झालेल्या काही पेशी चालत जाऊन चेहऱ्याची हाडं बनतात, काही त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बनतात. त्या वेळी स्नेल, ट्विस्ट, झेब अशा नावांचे नियामक चालू होतात. ते डिंकाचं जनुक बंद करतात, पेशी सुटी होते, चालते, मुक्कामावर पोचली की पुन्हा स्थिर होते. स्नेल आणि ट्विस्ट ही नावं फळमाशीच्या अभ्यासातून आली. फळमाशीचा गर्भ कसा घडतो हे शोधण्यासाठी ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना १९९५ चं नोबेल मिळालं, ते याच वाटेवरचं काम. केळ्यावर घोंघावणारी माशी आणि आपल्या विद्यार्थिनीच्या आईचा आजार यांच्यात असा धागा आहे.

जन्मानंतर हा धडा बहुतांशी बंद होतो. जखम भरताना थोडा उघडतो, पुन्हा मिटतो. कॅन्सरच्या काही पेशी हा मिटलेला धडा भलत्या वेळी उघडतात. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं २००४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की स्तनाच्या गाठीतल्या पेशींमध्ये ट्विस्ट दाबून टाकला तर फुप्फुसापर्यंत पोचणाऱ्या पेशी खूप कमी होतात. पुढे असंही दिसलं, की नव्या जागी पोचल्यावर गाठ वाढवायची तर हेच बटण परत बंद व्हावं लागतं. आधी चालू, मग बंद. चालताना घर बांधता येत नाही ना.

आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो, त्यामुळे इथे स्थलांतराची उपमा पटकन तोंडावर येते. माझ्याही आली होती. शिक्षकांना विनंती, ती वापरू नका. घर सोडून कोपीत राहणाऱ्या पोराला आपण रोगाच्या पेशीसारखे आहोत असं क्षणभरही वाटायला नको.

त्यापेक्षा शेतीची उपमा वापरा. ती मुळात शास्त्रज्ञाचीच आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज डॉक्टरनं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं, की हा रोग कुठेही पसरत नाही, ठरावीक अवयवांतच रुजतो. पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. आमच्या मुलांना हे दोन मिनिटांत कळतं. बी कुठेही उडून पडेल, पण वाफसा नसेल तर उगवेल का? रक्तात उतरलेल्या कॅन्सरच्या बहुसंख्य पेशी अशाच मरून जातात. एखादी हाडात, फुप्फुसात, यकृतात जमीन धरते.

म्हणून काकांचं "सुई टोचली म्हणून पसरला" हे खरं नाही. तपासणीच्या सुईमुळे पेशी सांडून रोग वाढणं फार क्वचित घडतं, आणि सुई कुठून घालायची हे डॉक्टर त्याचा विचार करूनच ठरवतात. नुसत्या सांडण्यानं काही होत नाही. सुटणं, चालणं, रुजणं, सगळ्यांसाठी बटणं लागतात. सुईनंतर रोग पसरलेला दिसतो तेव्हा बी बहुधा आधीच गेलेलं असतं आणि सुईमुळे ते फक्त कळतं. तरी या भीतीकडे डॉक्टरांनी दुर्लक्ष केलंय असं समजू नका. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पुढाकारानं भारतातल्या ११ केंद्रांवर १६०० स्त्रियांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. स्तनाच्या ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भूल देणारं साधं लिग्नोकेन टोचलं, तर पाच वर्षं रोगाशिवाय राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. भीतीवर असं उत्तर शोधायचं असतं. ऑपरेशन टाळणं हे उत्तर नव्हे. सुईच्या भीतीनं सहा महिने घालवलेली माणसं तुमच्याही गावात असतील. माझ्या गावात आहेत. खरं तर होती.

गप्प बसलेली पेशी

आता मूळ प्रश्न. औषध दिलं, तरी परत कसा आला?

हा भाग मी वर्गात खेळातून घेतला, तोच सांगते. प्रत्येकाच्या हातात तेच परिसर अभ्यासाचं पुस्तक. मी कार्डांवर पान नंबर लिहिलेले. मॉनिटर ज्याला जे कार्ड देईल त्यानं ते पान उघडून तसं वागायचं. एका घोळक्याला कार्ड, 'जागेवर उड्या मारा' (म्हणजे विभागणाऱ्या पेशी). त्यातल्या दोघांना हळूच दुसरं कार्ड, 'हात सोडा, भिंतीकडे सरका, उड्या थांबवा'. मग एक मुलगा 'औषध' झाला. त्याला नियम एकच, जो उड्या मारेल त्याला बाद करायचं. त्यानं सगळ्यांना बाद केलं. औषध जिंकलं म्हणून टाळ्या झाल्या. औषध खाली बसलं. मग भिंतीजवळच्या दोघांना मी पुन्हा 'उड्या मारा' कार्ड दिलं.

एक पोरगं ओरडलं, "मॅडम, जे गप्प बसले ते वाचले!"

मला जे समजायला तीन आठवडे लागले ते त्याला पंधरा मिनिटांत समजलं. केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर चालतात. म्हणूनच केस गळतात, तोंड येतं. तिथल्या चांगल्या पेशीही भराभर विभागतात. चालण्याचा धडा उघडलेली पेशी विभागणं मंदावते आणि औषधाच्या नजरेतून सुटते. शिवाय या नियामकांमुळे पेशी मरणाचा हुकूमही सहज मानत नाही. काही पेशी तर औषध बाहेर फेकणारा पंप चालू करतात. हा पंप १९७६ मध्ये सापडला. मोटारीनं विहिरीतलं पाणी उपसतात तसं आत आलेलं औषध उपसून टाकायचं काम. पंपाचं जनुक निरोगी शरीरातही असतं, आतड्यात, यकृतात, विष बाहेर काढायला. पुन्हा तेच, पान आपलंच, उघडलं भलत्यानं.

मरणाच्या हुकुमाचंही सांगते. पी-५३ नावाचा एक नियामक १९७९ मध्ये सापडला. डीएनए बिघडला की तो पेशीला थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला स्वतःला संपवायला लावतो. शाळेतल्या कडक मुख्याध्यापकांसारखा. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हा बिघडलेला असतो. रेडिएशन आणि कितीतरी औषधं डीएनए तोडून काम करतात, पण तोडफोडीची दखल घेणाराच जागेवर नसेल तर पेशी तशीच पुढे जाते.

सगळ्यात जास्त मला २०१० चा एक प्रयोग पटला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर औषध सोडलं. जवळपास सगळ्या मेल्या, हजारात तीनेक उरल्या. त्या जनुकात बदल झालेल्या नव्हत्या. औषध काढून घेऊन काही काळ वाढू दिल्यावर त्यांच्या पिढ्या परत त्याच औषधानं मरायला लागल्या. म्हणजे त्यांनी पुस्तक बदललं नव्हतं, तात्पुरतं दुसरं पान उघडलं होतं. औषधाला दाद न देणं हा नेहमी कायमचा शिक्का नसतो, हे त्यातून कळतं. अर्थात काही वेळा पुस्तकही बदलतं. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये, विशेषतः इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या बराच काळ घेतल्यावर, काही पेशींत त्या बटणाचाच आकार असा बदलतो, की इस्ट्रोजेन नसतानाही ते दाबलेलंच राहतं. हे बदल ओळखता येतात आणि तशा बटणावर चालणाऱ्या एका गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. माझ्या विद्यार्थिनीच्या आईच्या बाबतीत यातलं काय घडलं हे तिच्या तपासण्या सांगतील. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण वांगं खाल्ल्यामुळे यातलं एकही बटण दाबलं जात नाही, एवढं मी सांगू शकते.

शास्त्रज्ञांचं सगळं ठरलंय असं मात्र मुलांना सांगू नका. चालण्याचा धडा पसरण्यासाठी लागतोच का, यावर भांडण आहे. २०१५ मध्ये उंदरांवरचे दोन अभ्यास आले. एकात स्वादुपिंडाच्या गाठीतून स्नेल किंवा ट्विस्ट काढून टाकला तरी रोग पसरला, फक्त औषधाला जास्त बळी पडला. दोन वर्षांनी दुसऱ्यांनी झेब-१ काढला, तर पसरणं कमी झालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर गणितं मांडून काम चालतं. झेब आणि एक मायक्रोआरएनए एकमेकांना दाबतात, सी-सॉसारखं. सी-सॉ मध्येच थांबला तर अर्धी चिकटलेली, अर्धी सुटलेली पेशी तयार होते. अशा पेशी घोळक्यानं फिरतात आणि जास्त चिवट असू शकतात. मला हे फार आवडलं. पेशीही आपल्या वर्गासारखी, 'येतं' आणि 'येत नाही' अशा दोन रकान्यांत बसत नाही.

पाचवीला एवढं कशाला?

आमच्या शाळेतल्या एका सरांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "मॅडम, अध्ययन निष्पत्तीत नाही हे. पोरं घाबरतील." त्यांचं म्हणणं मी सोडून देत नाही. नियामकांची नावं पाचवीला नकोतच, मी एकही नाव सांगितलं नाही. ट्विस्ट, झेब हे या लेखात तुमच्यासाठी आहे. मुलांना एवढंच, की सगळ्या पेशींना पुस्तक सारखं असतं, पानं वेगळी उघडतात, आणि काही वेळा बंद पान भलत्या वेळी उघडतं. घाबरण्याचं म्हणाल, तर त्या मुलीला काय जास्त भीतीचं होतं? पेशी गप्प बसून वाचते हे, की आईनं आपल्यासाठी पथ्य पाळलं नाही हे?

दुसरी एक भीती मुलं बोलून दाखवत नाहीत. मलाही होणार का? घराघरात "आमच्या रक्तातच आहे" असं सहज म्हणतात. सगळ्या कॅन्सरपैकी शंभरात पाच ते दहाच वारशानं आलेल्या बिघाडामुळे होतात. बाकीच्यांत बिघाड त्या माणसाच्या त्या अवयवातल्या पेशीत झालेला असतो, तो पोराबाळांत जात नाही. घरात जवळच्या दोघी-तिघींना, तेही कमी वयात झाला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण नुसत्या 'खानदानी' या शब्दावर मुलींना घाबरवू नका.

आणि 'लढा' या शब्दाबद्दल. वर्तमानपत्रात येतं, अमुक यांची कॅन्सरशी झुंज अपयशी. मला हे वाचवत नाही. मूल वाचतं आणि समजतं, की जिंकणारे शूर, बाकीचे कमी पडले. पेशीनं पंप चालू केला यात हिमतीचा काय संबंध? गोळ्या वेळेवर घेणं, तपासणीला जाणं हे माणसाच्या हातात आहे, ते करायलाच हवं. एवढं करूनही जे होतं ते त्याच्या माथी मारू नये. "मग औषध तरी कशाला घ्यायचं" असंही कुणी म्हणेल. खेळात भिंतीजवळ दोघेच उरले होते, बाकी सगळा वर्ग बाद झाला होता, तो औषधानंच. आणि रोग लवकर सापडला तर भिंतीपर्यंत पोचलेले कमी असतात.

खेळ झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग ते बटण आपणच का बंद करत नाही?" अवघड प्रश्न. एक तर जखम भरायला तेच बटण लागतं. दुसरं म्हणजे यातले बरेच नियामक असे गुळगुळीत आकाराचे असतात, की औषधाला धरायला खाच सापडत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टरला संप्रेरक बसायची खाच आहे, म्हणून तिथे गोळी बसते. तरी काही ठिकाणी जमलंय. मी मुलांना शांघायची गोष्ट सांगितली. एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर असतो. त्यात एक नियामक मोडून दुसऱ्याला जोडला जातो आणि रक्ताच्या पेशी मोठ्याच होत नाहीत, बालवाडीतच अडकतात. १९८५ मध्ये डॉक्टर वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं एक औषध दिलं. ते पेशींना मारत नव्हतं, मोठं करत होतं. मुलगी बरी झाली. आज त्या औषधाला आर्सेनिकची जोड देऊन, कमी धोक्याच्या गटातले शंभरातले नव्वदहून जास्त पेशंट बरे होतात. "म्हणजे त्या पेशी पहिलीत गेल्या?" असं पोरांनी विचारलं. हो, म्हटलं, आणि मग शिकून रिटायर पण झाल्या.

मुलीच्या आईचा रोग पाठीच्या हाडात आहे. औषध बदललंय, दुखणं कमी आहे, कधी कधी तीच मुलीला न्यायला येते. तिच्या सांगण्यावरून मी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'ईआर पॉझिटिव्ह म्हणजे काय'. दहाच ओळी. मुलीनं ते आजीला वाचून दाखवलं. आजीला सगळं पटलं असं नाही, वांगं अजून घरात येत नाही. पण गोळ्यांची पट्टी आता पिठाच्या डब्यामागे नसते. टीव्हीशेजारच्या फळीवर, चष्म्याच्या घराजवळ असते, असं मुलगी सांगत होती. आणि रात्री आठ वाजले की आजीच विचारते, घेतली का.